ओव्हरफ्लाइट परवाना : किनाऱ्यालगतची उड्डाणे

एखाद्या देशात न उतरता त्याच्या हवाई हद्दीतून विमान नेण्यासाठी घ्यावी लागणारी परवानगी म्हणजे ओव्हरफ्लाइट परवाना. मार्ग जमिनीवरून जात असेल तर प्रश्न सरळ असतो. तो किनाऱ्याला धरून जात असला, की नकाशावरच्या दोन वेगळ्या रेषा पाहाव्या लागतात आणि त्यांची गल्लत हमखास होते.

पहिली रेषा सार्वभौमत्वाची. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत झालेल्या नागरी विमान वाहतूक कराराने प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील व प्रादेशिक समुद्रावरील आकाशावरचा पूर्ण अधिकार मान्य केला. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार प्रादेशिक समुद्र जास्तीत जास्त १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. हे अंतर भरतीच्या वाळूपासून नव्हे, तर देशाने जाहीर केलेल्या आधाररेषेपासून मोजतात. किनारा दंतुर असेल किंवा पुढे बेटे असतील तर ही रेषा बरीच बाहेर सरकते. परदेशी जहाज या पट्ट्यातून निरुपद्रवीपणे जाऊ शकते, विमानाला मात्र ती मुभा नाही. मलाक्कासारख्या आंतरराष्ट्रीय सामुद्रधुन्या हा अपवाद. ग्रीसचे प्रकरण तर निराळेच आहे : एजियन समुद्रात त्याचा प्रादेशिक समुद्र ६ मैलांचा, पण हवाई हद्दीचा दावा १० मैलांचा. तुर्कस्तानला तो मान्य नाही.

दुसरी रेषा उड्डाण माहिती क्षेत्राची, म्हणजे एफआयआरची. ही मालकीची नव्हे, सेवेची वाटणी आहे. मुंबई एफआयआर अरबी समुद्रात मस्कत व मालेच्या क्षेत्रांना जाऊन भिडते. आखातातून मालदीवला जाणारे विमान खोल समुद्रावर मुंबईच्या नियंत्रकाशी बोलते, पण तेवढ्याने ते भारताच्या हवाई हद्दीत येत नाही. फ्लाइट प्लॅन मात्र द्यावाच लागतो आणि दिशादर्शन सेवेचे शुल्कही लागू शकते. उलट प्रकार इंडोनेशियाच्या रिआऊ बेटांवर होता : आकाश इंडोनेशियाचे, नियंत्रण अनेक दशके सिंगापूरचे. २०२२ मध्ये झालेला करार २०२४ मध्ये लागू झाल्यावर ती मांडणी बदलली.

शिकागो कराराच्या कलम ५ नुसार अनियमित, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाबाहेरच्या, नागरी उड्डाणांना पूर्वपरवानगीशिवाय जाता यावे, असे कागदावर आहे. व्यवहारात बहुतेक देश ती मागतातच. भारतात अशा परदेशी उड्डाणांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परवाना देते. त्याच्या क्रमांकाला या धंद्यात ‘वायए नंबर’ म्हणतात. हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा ‘एडीसी’ क्रमांक त्याहून वेगळा असतो. एक हातात आला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. नियमित विमानसेवांसाठी द्विपक्षीय करार किंवा १९४४ चाच संक्रमण करार, म्हणजे न उतरता वरून जाण्याची मुभा देणारा बहुराष्ट्रीय करार, असतो. सरकारी विमानांना शिकागो कराराची ही सवलत नाही : ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या सौदी अरेबियाला जाणाऱ्या विमानाला पाकिस्तानने आपल्या आकाशातून जाऊ दिले नाही.

म्हणून मार्ग आखणारे अनुभवी लोक १२ मैलांच्या रेषेला चिकटून जात नाहीत. पावसाळ्यात ढगांचा कडकडाट टाळायला वैमानिकाला वीस-तीस मैल वळावे लागते, आणि ते वळण किनाऱ्याकडे असले तर परवाना आधीच हाती असावा लागतो. पर्यायी विमानतळ त्या देशात धरला असेल, तर उतरण्याची परवानगीही वेगळी पाहावी लागते.