स्लाइड गिटार

गिटारच्या तारा बोटांनी पडद्यांवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) दाबण्याऐवजी त्यांवरून काचेची किंवा धातूची नळी सरकवत वाजवण्याची पद्धत. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वादकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ब्लूज संगीतात घडवली. बाटलीची मान कापायची, कड घासून गुळगुळीत करायची आणि ती बोटात घालायची, यावरून तिला ‘बॉटलनेक’ असेही म्हणतात. प्रत्यक्षात खिशातला चाकू, पितळी नळी, औषधाची बाटली, जे हाताशी असेल ते चालत असे. ब्लूज वादक मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल यांनी हे वादन प्रथम पाहिले ते काकांच्या हातून, आणि काकांच्या बोटात होते घासून पोकळ केलेले बैलाचे हाड.

सतारीवर मींड घेताना तार ओढतात. इथे तार जागेवरच राहते, नळी पुढेमागे जाते. ती पडद्याच्या बरोबर डोक्यावर धरावी लागते. साध्या वादनात बोट पडद्याच्या किंचित अलीकडे पडते. तीच सवय घेऊन आलेल्या नवशिक्याचा स्वर हटकून उतरलेला लागतो. दाब जास्त झाला तर नळी पडद्यांवर खडखडते, म्हणून तारा दांडीपासून थोड्या उंच ठेवतात. नळीच्या मागची बोटे तारांवर अलगद टेकवली नाहीत, तर नको असलेले आवाज घुमत राहतात. पुष्कळ वादक नळी करंगळीत घालतात, म्हणजे उरलेली तीन बोटे तारा दाबायला मोकळी राहतात.

तारा जुळवण्याची रीतही निराळी आहे. डी-जी-डी-जी-बी-डी अशा पाश्चात्त्य स्वरांत लावलेल्या तारा मोकळ्या छेडल्या तरी पूर्ण स्वरमेळ (कॉर्ड) वाजतो, आणि नळी आडवी धरून तो मेळ तसाच्या तसा वर किंवा खाली नेता येतो. ब्लूजचा जीव मात्र मेळात नसून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत आहे. पडद्यावर सरळ बोट ठेवून ती जागा सापडत नाही. नळीला ती सहज सापडते, कारण नळीपुरते पडदे नसल्यासारखेच असतात. गळा जसा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, थबकत, थरथरत जातो, तशी ही तार जाते. ब्लूजमधले स्लाइड गिटारचे बहुतेक मोठे वादक गायकही होते, हा योगायोग नव्हे.

उगमाचे दोन धागे सांगितले जातात. मिसिसिपीच्या खेड्यांत मुले घराच्या लाकडी भिंतीवर खिळ्यांनी एक तार ताणत आणि बाटली सरकवत ती वाजवत. या एकतारी खेळण्याला ‘डिडली बो’ म्हणत आणि त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत मानले जाते. दुसरा धागा हवाई बेटांचा. तिथे जोसेफ केकुकू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार रूढ केली, आणि १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर तिचे वेड अमेरिकाभर पसरले. ब्लूजमधली स्लाइड त्याआधीची आहे, याची साक्ष संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांच्या आत्मचरित्रात मिळते. १९०३च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत असताना त्यांना फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर चाकू दाबून गाताना दिसला. त्या माणसाचे नाव अज्ञातच राहिले.

ब्लूजमधल्या स्लाइडच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ केंटकीच्या सिल्व्हेस्टर वीव्हर यांनी १९२३मध्ये केला. टॅम्पा रेड यांनी शिकागोत धातूच्या रेझोनेटर गिटारवर (आवाज मोठा करणाऱ्या धातूच्या चकत्या आत बसवलेल्या गिटारवर) एकेक स्वर सुटा, नितळ वाजवण्याची शैली रुळवली.

या सगळ्यांत ब्लाइंड विली जॉन्सन (१८९७–१९४५) वेगळे उठून दिसतात. टेक्सासमधील हे अंध धर्मगायक रस्त्याच्या कडेला उभे राहून गात. ब्लूज गायक म्हणवून घेणे त्यांना रुचले नसते, कारण त्यांची गाणी देवाची होती. १९२७ ते १९३० या काळात त्यांनी कोलंबिया कंपनीसाठी तीस गाणी मुद्रित केली. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये मुद्रित झालेल्या ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’मध्ये शब्द जवळजवळ नाहीतच. ते नुसते गुणगुणतात, कण्हतात. तार तेच वाक्य उचलते आणि पुढे नेते. कुठे गळा संपला आणि कुठे तार सुरू झाली, हे कान लावून ऐकले तरी काही क्षणी कळत नाही. सव्वातीन मिनिटांच्या या मुद्रणाहून स्लाइड गिटारचे अधिक चांगले उदाहरण देता येणार नाही. १९४५मध्ये बोमाँट येथील त्यांचे घर जळाले. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते त्या जळक्या घरातच राहिले आणि काही काळातच आजारी पडून वारले.

१९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर हे मुद्रण आहे. त्याच्या लगेच आधी गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. मराठी श्रोत्याने ही दोन मुद्रणे त्याच क्रमाने, मध्ये काही न लावता ऐकावीत. केसरबाईंची मींड जिथे निवते तिथून जॉन्सनची तार सुरू होते, आणि पृथ्वीवर कधीही न भेटलेली ही दोन माणसे शेजारी बसल्यासारखी वाटतात.

मिसिसिपीचे ब्लूज गायक-वादक सन हाउस यांची कथा उलट्या दिशेची आहे. तरुणपणी ते धर्मोपदेशक होते. देवळातले प्रवचन आणि शनिवारच्या रात्रीचे ब्लूज या दोहोंची ओढ त्यांना जन्मभर पुरली. १९३०मध्ये त्यांनी विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथे पॅरामाउंट या तबकड्यांच्या कंपनीसाठी मुद्रणे केली, पण त्या मंदीच्या काळात ती विकली गेली नाहीत. १९४३मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला गेले, रेल्वेत नोकरी धरली आणि पुढे गिटार सोडून दिली. १९६४मध्ये तीन तरुण चाहते त्यांना शोधत दारात पोहोचले, तेव्हा त्यांच्याकडे गिटारही नव्हती. त्यांच्याच जुन्या तबकड्यांवरून शिकलेल्या ॲलन विल्सन या विशीतल्या वादकाने समोर बसून त्यांना त्यांचेच वादन पुन्हा आठवून दिले. पुढच्या वर्षी त्यांची नवी तबकडी निघाली.

हाउस यांचे वादन जवळून पाहत दोन तरुण वादक घडले. रॉबर्ट जॉन्सन १९३६ आणि १९३७मध्ये एकोणतीस गाणी मुद्रित करून १९३८मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेले. दुसरे मडी वॉटर्स. ते मिसिसिपीतील स्टोव्हॉलच्या मळ्यावर राबत असताना १९४१मध्ये लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी त्यांचे गाणे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित केले. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकल्यावर आपणही हे करू शकतो अशी खात्री त्यांना पटली आणि १९४३मध्ये त्यांनी शिकागो गाठले. तिथल्या गजबजलेल्या दारूगुत्त्यांत साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून त्यांनी विजेची घेतली. मळ्यावरची स्लाइड अशी शहरी झाली. एल्मोर जेम्स यांनी १९५१मध्ये ‘डस्ट माय ब्रूम’ला जो खणखणीत आरंभ दिला, तो आजही नवे वादक प्रथम शिकतात. रेडिओ दुरुस्तीचे काम येत असल्याने ॲम्प्लिफायरशी खेळ करून तो करकरीत आवाज काढणे त्यांना जमले.

जॅझमध्ये ही पद्धत रुजली नाही. तिथे स्वरमेळ झपाट्याने बदलतात, आणि सरळ नळी एका वेळी एकाच रेषेतले पडदे धरू शकते. रॉकमध्ये मात्र ती शिरली. चोविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेलेले डुएन ऑलमन गोळ्यांची काचेची बाटली बोटात घालून वाजवत. बॉनी रेट यांना मॅकडॉवेल यांचा सहवास लाभला.

भारतात हवाईयन गिटार हिंदी चित्रपटगीतांमुळे घरोघरी पोहोचली. व्हॅन शिप्ले यांच्या धून-तबकड्या एका पिढीच्या कानात आहेत. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले. विश्वमोहन भट्ट यांनी तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि राय कूडर या अमेरिकन स्लाइड वादकाबरोबर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ मुद्रित केले. १९९४मध्ये त्याला ग्रॅमी मिळाली.