माउथपीस रिफेस करायचा, पण टेबल घासायचं का?

क्लॅरिनेटचा माउथपीस रिफेस करायचा, म्हणजे रीडच्या (फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीच्या) खालचा भाग घासून त्याचा आकार बदलायचा म्हटलं की सगळे टिप ओपनिंगचंच, म्हणजे रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांतल्या फटीचंच विचारतात, 1.05 मिमी ठेवू की 1.15, पण खरा वाद आहे टेबलचा, रीड जिथे बसते त्या भागाचा, आणि तो कुठून सुरू झाला हे कळल्याशिवाय आपला चांगला माउथपीस कुणाच्या हातात देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीचे माउथपीस लाकडाचे. ओलीने फुगायचे, वाकायचे, म्हणजे परत घासणं आलंच. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात एबोनाइट आलं, गंधक घालून कडक केलेलं रबर, आणि लाकूड मागे पडलं. एबोनाइट टिकतं खरं, पण गरम पाण्याने धुतलं तर तेही वाकतं आणि उन्हात ठेवलं तर हिरवट पडतं.

आजचं रिफेसिंग मुख्यतः दोन महायुद्धांच्या मधल्या पॅरिसमुळे आहे. तिथल्या एबोनाइटचा आवाज अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना इतका आवडला की अमेरिकेतले कारागीर पॅरिसहून कोरे माउथपीस मागवून फेसिंग, म्हणजे टेबलपासून टोकापर्यंत रीडपासून दूर जाणारा कर्व्ह, हाताने करायला लागले. सामान साधंच, सपाट काच, पॉलिश पेपर आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या धातूच्या पातळ पत्त्या). अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेल्या काचेवर माउथपीस ठेवायचा, 0.0015 इंचाची पत्ती कुठपर्यंत जाते ते बघायचं, 34व्या रेघेपर्यंत गेली म्हणजे कर्व्ह 17 मिमी लांब. ही पद्धत अजून चालते.

आता वाद. त्या जुन्या पॅरिसवाल्यांपैकी बऱ्याच माउथपीसचं टेबल किंचित खोलगट निघतं, खोली केसाच्या जाडीहून कमी. एक पक्ष म्हणतो की हा दोष आहे, लिगेचर (रीड बांधायची पकड) वर्षानुवर्षं आवळून आणि रबर आक्रसून झालेला, रीड नीट बसत नाही, हवा गळते, तेव्हा आधी टेबल सपाट करा मग बाकीचं. दुसरा पक्ष म्हणतो की बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलंय, कारण रीड ओली झाली की तिची खालची बाजू फुगते आणि त्या फुगवट्याला जागा लागते. मला दुसरं जास्त पटतं, कारण नव्याकोऱ्या माउथपीसमध्येही हा खोलगटपणा मुद्दाम देणारे आजही आहेत, तिथे लिगेचरला किंवा वयाला दोष कसा देणार? आणि टेबल घासलं की काम तिथेच थांबत नाही, रीड खाली सरकते, टिप बंद होते, कर्व्ह आखूड होतो, मग रेल (दोन्ही बाजूंच्या कडा) आणि टिप घासून सगळं फेसिंग नव्याने काढावं लागतं, आणि घासलेलं रबर परत लावता येत नाही. खूप सुंदर माउथपीस असेच गेले. पण रीड लावून, माउथपीसचं खालचं तोंड तळहाताने बंद करून हवा ओढली आणि रीड क्षणभरही चिकटून राहिली नाही, दोन-चार रीड बदलूनही तेच, तर मात्र टेबल तपासायलाच हवं.

गेल्या काही दशकांत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन आली, नवे माउथपीस पुष्कळ एकसारखे यायला लागले आणि त्या जुन्या पॅरिसवाल्यांच्या कॉपी निघाल्या, काहींनी खोलगटपणासकट कॉपी केली तर काहींनी तेवढा काढून टाकला, म्हणजे वाद आहे तिथेच आहे.

आपल्याकडे क्लॅरिनेटवर राग वाजवणाऱ्यांची गरज अजून वेगळी. मींड काढायला ओपन टिप आणि नरम रीड सोयीची पडते, आणि त्यासाठी फक्त टिपकडचा कर्व्ह थोडा वाढवला तरी चालतं, टेबलला हातही लावावा लागत नाही.