टॅटूआधी फॉर्म कशाला भरायचा?

शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात आलेली मंडळी सहज आमच्या स्टुडिओत डोकावतात आणि संमतीचा फॉर्म बघून म्हणतात, टॅटूच काढायचाय ना, जमिनीची खरेदी थोडीच आहे! म्हणून एकदा लिहूनच ठेवतोय.

सुईनं कातडी टोचणं ही कायद्याच्या नजरेत इजाच, ती गुन्हा ठरत नाही ती तुमच्या संमतीमुळे. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, जुनं कलम ८७ आता २५ झालंय, आणि त्यात असं आहे की १८ वर्षांवरच्या माणसानं संमती दिली असेल आणि करणाऱ्याच्या मनात जीव घ्यायचं किंवा जबर दुखापत करायचं नसेल, तसं होईल याची त्याला कल्पनाही नसेल, तर तो गुन्हा नाही. कायद्यात उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचं दिलंय, टॅटूचं नाही.

आता गोव्यातली खरी भानगड. रात्री दोन-चार पेग मारून मित्रांच्या नादानं गर्लफ्रेंडचं नाव काढायला येणारे. कलम २८ सांगतं की नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय आणि त्याचं पुढं काय होणार हेच कळत नसेल तर ती संमतीच नव्हे. एका बियरनं एवढं होत नाही हो, पण ते मोजायचं मशीन आमच्याकडे नाही, त्यामुळे वास आला की उद्या या, रागावलात तरी चालेल. भीतीनं किंवा गैरसमजातून दिलेला होकारही असाच, समोरच्याला ते माहीत असेल तर. म्हणून 'नंतर सहज पुसता येतो' असं आम्ही कुणाला सांगत नाही.

सोळा वर्षांचा मुलगा आईला घेऊन येतो, आई सही करते म्हणते. नाही चालत! पालकांच्या संमतीचं कलम २७ बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, तेही मुलाच्या भल्यासाठी आणि सद्भावनेनं केलेल्या गोष्टीपुरतं. पणजीच्या हातावर लहानपणीच गोंदण होतं हे आम्हालाही ठाऊक आहे, तरी नाही.

आणि सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असणं नव्हे. कलम २(११) प्रमाणे योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेलं काहीच सद्भावनेनं केलेलं धरत नाहीत. सुई तुमच्यासमोर फोडतो ती म्हणूनच, सीलबंद नसेल तर सही केलेली असली तरी उठून जा.

खरं सांगायचं तर फॉर्म आमच्याच कामाचा जास्त आहे, केस झालीच तर संमती होती हे दाखवायची जबाबदारी आमच्यावर येते. आधार कार्ड आणा, झेरॉक्स खालीच मिळते.