स्मृतिभ्रंश व शुश्रूषाकारांचे नैराश्य

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीची घरी देखभाल करणाऱ्या पती, पत्नी, मुलगी, सून आदी आप्तांमध्ये उद्भवणारे नैराश्य. देखभाल करणाऱ्यासाठी मराठीत शुश्रूषाकार, काळजीवाहक असे प्रतिशब्द सुचवले जातात. ‘काळजीवाहू’ हा शब्द मंत्रिमंडळांनी आधीच अडवून ठेवला आहे. काळजी या एकाच शब्दात देखभाल आणि चिंता हे दोन्ही अर्थ नांदतात, ते येथे लागू पडते.

या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ कोठे मानावा, याबाबत एकमत नाही. बहुधा तो १९८० मध्ये स्टीव्हन झॅरिट व सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या, देखभालीचा भार मोजणाऱ्या प्रश्नावलीपासून धरतात. तिच्यात मुळात २९ प्रश्न होते. आज प्रचलित असलेल्या रूपात २२ असून प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे कमाल ८८ गुण आहेत. तथापि कुटुंबावरील ‘भार’ ही कल्पना त्याहून जुनी आहे. मनोरुग्णांवर रुग्णालयाबाहेर उपचार करण्याचा घरच्यांवर काय परिणाम होतो, हे ग्रॅड व सेन्सबरी यांनी इंग्लंडमध्ये १९६३ च्या सुमारास तपासले होते. होनिग व हॅमिल्टन यांनी १९६६ मध्ये वस्तुनिष्ठ (घरावर प्रत्यक्ष होणारे परिणाम) आणि व्यक्तिनिष्ठ (आप्तांना जाणवणारा) भार असा भेद केला. त्यामुळे उगम साठच्या दशकातील मानसोपचारात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. हा वाद केवळ कालगणनेचा नाही. भार आणि नैराश्य एकच मानण्याची सवय त्यातून आली. झॅरिट प्रश्नावली भार मोजते, निदान करीत नाही. नैराश्याच्या लक्षणांसाठी १९७७ ची सीईएस-डी ही २० प्रश्नांची मापनश्रेणी वापरतात. ६० पैकी १६ किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी सुचवली जाते.

शुश्रूषाकारांतील नैराश्याच्या प्रमाणाच्या आकड्यांतील तफावतही बहुधा मापनातूनच येते. निदानाचे निकष लावणाऱ्या अभ्यासांच्या २००५ मधील आढाव्यात ते सुमारे २२ टक्के, तर २०१५ च्या आढाव्यात सुमारे ३४ टक्के आढळले.

कारणांमध्ये विस्मरणापेक्षा वर्तनातील बदल अधिक प्रभावी ठरतात : रात्री उठून दाराची कडी काढणे, दागिने चोरल्याचा सुनेवर आळ घेणे, अंघोळीला कडाडून विरोध करणे. सलग झोप न मिळणे हे त्याला जोडूनच येते. अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांच्या ‘संदिग्ध वियोग’ या संकल्पनेनुसार माणूस देहाने समोर असतो, मनाने नसतो, आणि म्हणून शोकाला वाट मिळत नाही. या आधारे काही अभ्यासक या अवस्थेला विकार न मानता शोक मानतात. मात्र उदासी, निद्रानाश, आत्महत्येचे विचार अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास ती शोकाच्या खात्यावर टाकून उपचार लांबवणे धोक्याचे आहे.

भारतात ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’ अशा शब्दांखाली मूळ आजारच झाकला जातो. मग शुश्रूषाकाराच्या आजाराकडे कोण पाहणार? विकसनशील देशांतील स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी १९९८ च्या सुमारास कोचीत स्थापन झालेल्या १०/६६ गटाच्या नावातच ही विषमता आहे : ६६ टक्के रुग्णांच्या वाट्याला १० टक्क्यांहून कमी संशोधन. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत (२००८) स्थानिक प्रशिक्षित साहाय्यक सहा महिने घरी जात होते. कुटुंबीयांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनाचा त्यांना होणारा जाच कमी झाला. प्रत्यक्ष वर्तनात मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक पडला नाही. लंडनमधील ‘स्टार्ट’ या शुश्रूषाकारांसाठीच्या आठ सत्रांच्या उपक्रमातही (२०१३) सत्रे घेणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले मानसशास्त्राचे पदवीधर होते.

रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवल्याने नैराश्य ओसरतेच असे नाही, असे अमेरिकेतील २००४ च्या एका अभ्यासात दिसले. मृत्यूनंतरचे चित्र वेगळे आहे. २००३ च्या अमेरिकी अभ्यासात ७२ टक्के शुश्रूषाकारांनी रुग्णाचा मृत्यू ही स्वतःची सुटका वाटल्याचे सांगितले आणि वर्षभरात बहुतेकांची लक्षणे देखभालीच्या काळापेक्षा कमी झाली.