हलकी रायफल आणि तिचं ओझं वाहणारे खांदे

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझ जिंकलं. त्याने नेमबाजीचे सुरुवातीचे धडे नाशिकमध्ये गिरवले होते, त्यामुळे त्या पदकाचा आनंद इथे जरा जास्तच झाला. या प्रकारात वापरली जाते ती पॉइंट २२ ची (म्हणजे नळीचं भोक ०.२२ इंचाचं) बोल्ट-ॲक्शन रायफल, प्रत्येक बारानंतर बोल्ट नावाचा दांडा हाताने ओढून भरायची. नियमाने तिचं वजन आठ किलोपर्यंत चालतं आणि खेळाडूला ते हवंच असतं. पात्रता फेरीत गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मिळून साठ गोळ्या झाडायच्या असतात. बंदूक जड असली तर ती हलत नाही.

याच बोल्टच्या घराण्याची दुसरी शाखा मात्र नेमकी उलट्या दिशेला गेली. आल्प्स, अलास्का, न्यूझीलंड इथल्या डोंगरांत शिकारीला जाणाऱ्यांसाठी बनणाऱ्या रायफलींची आज अडीच किलोच्या खाली जाण्याची चढाओढ चालू आहे. दुकानात उभं राहून कोणती घ्यावी हे ठरवणाऱ्याला वजनाचे आकडे दिसतात, पण ते आकडे तिथवर कसे उतरले ते दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: बंदूक वाहून कोण नेतो? शिकारी स्वतः चढत असेल तर बंदूक हलकी होत जाते. ती दुसऱ्याच्या खांद्यावर असेल तर वजनाकडे कोणी बघतही नाही.

आपल्याच सह्याद्रीचं घ्या. साल्हेरचा माथा १५६७ मीटरवर आहे, डोंगर काही कमी उभे नाहीत. पण इथल्या शिकारीची पद्धत हाक्याची. रानात माणसं घुसवायची, आरडाओरडा करून डुक्कर किंवा सांबर एका बाजूला काढायचं आणि नाक्यावर बसलेल्याने बार टाकायचा. झाडी दाट, अंतर फार तर चाळीस-पन्नास पावलं. त्याला ठासणीची बंदूक पुरे, पुढे बारा बोअरची दुनळी. लांबवर अचूक जाणाऱ्या रायफलीची गरजच नव्हती. शिवाय १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यारासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून मोकळं ठेवलं, म्हणजे चांगली रायफल हाताशी असणं हा मुळात साहेबाचा हक्क. (नाशिकमध्ये हत्याराचा विषय निघाला की गप्पा १९०९ च्या विजयानंद नाट्यगृहाकडे, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सनकडे वळतात. पण तिथे होतं ते ब्राउनिंगचं पिस्तूल. ती वेगळी कथा.)

आणि साहेब तरी कुठे स्वतः वाहत होता? तो हत्तीवर किंवा मचाणावर बसायचा, मागे बंदूक धरणारा गडी. काळ्या दारूच्या जमान्यातल्या चार बोअरच्या (बोअरचा आकडा लहान तितकी नळी रुंद) काही बंदुका दहा किलोच्या घरात जायच्या. पुढे आलेल्या मोठ्या दुनळी रायफलीही पाच-सहा किलोच्या असत. गोळी मोठी, धक्का जबर, आणि तो सोसायला वजन हवं. चालताना त्या वजनाची झळ गड्याला बसे, म्हणून इंग्लंडच्या कारागिरांना ते कमी करण्याची घाई नव्हती.

डोंगरी रायफलीचा उगम म्हणूनच हिंदुस्थानातल्या शाही शिकारीत सापडत नाही. तो आल्प्समध्ये सापडतो. तिथे शॅमॉय नावाचा, बकरीच्या कुळातला प्राणी उघड्या कड्यांवर राहतो. माणसाने पहाटे निघायचं, तासन् तास चढायचं आणि शेवटी दोनशे-अडीचशे मीटरवरून एक बार टाकायचा, तोही धापा टाकत. हाका नाही, हत्ती नाही.

त्या शिकाऱ्याला हवी ती यंत्रणा सैन्याने आधीच तयार करून ठेवली होती. प्रशियाने १८४१ मध्ये ड्रायझची सुईची बंदूक स्वीकारली, तोच बोल्टचा पहिला मोठा लष्करी वापर. १८७१ मध्ये माउझर या जर्मन कारखान्याने तिला धातूच्या काडतुसाची जोड दिली आणि १८९८ च्या माउझरमध्ये ती पक्की झाली. यंत्रणा सोपी आहे: दाराची कडी जशी उचलून मागे सरकवतो तसा बोल्टचा दांडा उचलायचा, मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवीन आत जातं, दांडा खाली पाडला की तोंडाशी असलेले दोन जाड कान नळीच्या मागच्या खाचांत अडकतात. बार झाल्यावरचा सगळा दाब हे दोन कान झेलतात. ९८ च्या माउझरमध्ये मागे तिसरा कान ठेवला, पुढचे तुटलेच तर असावा म्हणून. काडतुसाची कड रुंद पंजाने सुरुवातीपासून धरून ठेवायची युक्तीही त्यातलीच. रायफल तिरकी असो वा उलटी, काडतूस निसटत नाही. थंडीने बोटं आखडलेली असताना या गोष्टीचं मोल कळतं. सव्वाशे वर्षं झाली, आजच्या महागड्या डोंगरी रायफलींत काही अजूनही हा पंजा घेऊन येतात, आणि ते जुन्याचं कौतुक म्हणून नव्हे.

पण वजन खऱ्या अर्थाने उतरवलं ते दारूने. १८८४ मध्ये पॉल विएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू बनवली, १८८६ मध्ये फ्रान्सने ती वापरणारी आठ मिलिमीटरची लेबेल रायफल काढली. त्याआधी १८७१ च्या माउझरची नळी अकरा मिलिमीटरची होती, कारण काळ्या दारूने गोळीला वेग देता येत नसे, मग वजन द्यावं लागे. आता बारीक, लांब गोळी भरपूर वेगाने जाऊ लागली. काडतूस आटोपशीर झालं, धक्का कमी झाला, आणि धक्का कमी म्हटल्यावर बंदूक बारीक करायला वाव मिळाला. पोलादाची छाटणी, लाकडाची कोरणी हे सगळं नंतरचं.

त्या वावाचा पहिला चांगला फायदा ऑस्ट्रियातल्या श्टायर गावाने उचलला. १९०३ ची मानलिशर-शोनाउअर: साडेसहा मिलिमीटरची, सुमारे ४५ सेंटिमीटरची आखूड नळी, नळीच्या टोकापर्यंत गेलेला लाकडी दस्ता, अंगाला लागू नये म्हणून चपटा केलेला बोल्टचा दांडा, आणि पोटात गोल फिरणारं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचं घर. वजन तीन किलोच्या आसपास. डोंगरी रायफल म्हणून आज जे विकलं जातं त्याचा आराखडा इथे जवळजवळ पूर्ण झालेला दिसतो. हजारावर हत्ती मारणारा डब्ल्यू. डी. एम. बेल आफ्रिकेत साडेसहा आणि सात मिलिमीटरच्या अशाच हलक्या रायफली वापरत असे. तो प्रचंड चालणारा माणूस होता, हे विसरू नये.

हिंदुस्थानात हाच फरक एका माणसात स्पष्ट दिसतो. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन हेवेट यांनी रिग्बी कंपनीची पॉइंट २७५ रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी, पण आत माउझरचीच यंत्रणा आणि माउझरचंच सात मिलिमीटरचं काडतूस, फक्त नाव इंग्रजी. कॉर्बेट कुमाऊँच्या चढणी स्वतः चढायचा, बऱ्याचदा एकटा. मचाणावरच्या साहेबांच्या तोफांपुढे ही रायफल किरकोळ वाटावी अशी, पण दिवसभर खांद्यावर राहू शकणारी.

आपल्याकडे मात्र हा वारसा रुजला नाही, आणि त्याला कारण सरकारी आहे. देवळालीच्या छावणीत येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या पलटणींच्या खांद्यावर ली-एनफिल्ड होती, पॉइंट ३०३ ची, म्हणजे आपल्या ओळखीची थ्री नॉट थ्री; वजन चार किलोच्या आसपास. मुंबईवर २६/११ चा हल्ला झाला तेव्हाही पोलीस शिपायांच्या हातात तीच होती. सैन्याचं काडतूस लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांनी नागरी वापरासाठी तो बोअर बंद ठेवला. मग ली-एनफिल्डचीच यंत्रणा घेऊन तिला पॉइंट ३१५ चं निराळं काडतूस बसवण्यात आलं. ते मूळचं ऑस्ट्रियन आठ मिलिमीटरचं: गोळी जड, वेग बेताचा, मार कमानदार. बंगालच्या इछापूरच्या कारखान्याने पुढे हीच रायफल बनवली आणि स्वातंत्र्यानंतरही बनवत राहिला. १९८० च्या दशकात बंदुकांची खासगी आयात बंद झाली, नामवंत नेमबाजांना तेवढी सवलत. म्हणजे जगात रायफल हलकी होत असताना भारतीय परवानाधारकापुढे पर्याय होता तो १८८० च्या दशकातलं काडतूस घेतलेल्या लष्करी सांगाड्याचा.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९२५ मध्ये विंचेस्टरचं पॉइंट २७० काडतूस आलं, सपाट मार करणारं. जॅक ओ'कॉनर या लेखकाने डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीसाठी ते आयुष्यभर लावून धरलं. १९३६ ची मॉडेल ७० उत्तम रायफल, पण अंगाने भरलेली. १९५२ मध्ये तिची फेदरवेट आवृत्ती निघाली: नळी आखूड आणि बारीक, चापाभोवतालचं कडं ॲल्युमिनियमचं, आणि सोबत पॉइंट ३०८ हे आखूड काडतूस. काडतूस आखूड म्हटलं की यंत्रणाही आखूड करता येते.

तरीही लाकूड होतंच, आणि डोंगरात लाकडाचं खरं दुखणं वजन हे नव्हेच. ते पाणी पितं. इगतपुरीच्या पावसात ज्याच्या घराची दारं जुलैत चौकटीत घट्ट बसतात त्याला हे वेगळं सांगायला नको. दस्ता फुगला की तो नळीला एका बाजूने रेटतो आणि कालपर्यंत मध्यावर बसणारी गोळी आज वीतभर डावीकडे जाते. १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्जने केव्हलार आणि कार्बन धाग्यांचा दस्ता केला आणि आतली यंत्रणाही नव्याने कोरली. तिचं वजन २० औंस, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या थोडं वर, म्हणून रायफलीचं नाव मॉडेल २०. अख्खी रायफल सव्वादोन किलोच्या आसपास. त्याने वजन नुसतं कापलं नाही, दस्ता इतका ताठ केला की बारीक नळी त्यात टोकापर्यंत टेकवून ठेवता येईल. १९८६ मध्ये रेमिंग्टनसारख्या मोठ्या कंपनीनेही माउंटन रायफल बाजारात आणली. त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही: टायटॅनियमची यंत्रणा, पातळ पोलादी नळीवर कार्बनचं वेष्टन, बोल्टवर खोदलेल्या खाचा. प्रत्येक वेळी काही ग्रॅम कमी आणि किंमत बरीच जास्त.

या उतरत्या आकड्यांची वसुली खांद्याकडून होते. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन एक तृतीयांशाने घटवलं तर धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. यात कारागिरीला हात घालता येत नाही, हा गतीचा नियम आहे. नळीच्या तोंडाला ब्रेक (बाराचा वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावला तर धक्का कमी होतो, पण आवाज कान फोडतो. बारीक नळी दोन-तीन बारांत तापते आणि गोळ्या पसरू लागतात. शिकाऱ्याला एक-दोन बारच टाकायचे असतात म्हणून चालून जातं. हलकी नळी धापेसरशी डुलते, ते मात्र चालून जात नाही. जाणकार म्हणूनच वजन मोजताना रिकामी रायफल धरत नाहीत. दुर्बीण, तिचे पट्टे, खांद्याचा पट्टा, भरलेली काडतुसं, सगळं मिळून तीन किलोच्या आसपास राहिलं तर चढणीलाही बरं आणि नेमालाही. काडतूस मध्यम ठेवतात, साडेसहा किंवा सात मिलिमीटरचं. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं काडतूस आणि सव्वादोन किलोची रायफल ही जोडी कागदावरच छान दिसते. विकणारे ती विकतात, घेणारे पहिल्या सरावानंतर गप्प होतात.

नाशिकच्या वाचकासाठी यातला शिकारीचा भाग बाहेरदेशीचाच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीला उरलेली वाटही बंद केली. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या जनावरांबाबत वनखात्याच्या परवानगीने काही करता येतं, तेवढंच. उसात बिबट्या शिरला की वनखात्याची माणसं जी बंदूक घेऊन येतात ती गॅसच्या दाबावर औषधाची सुई फेकणारी असते. शस्त्र परवान्यावरही २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. पीकसंरक्षणासाठी ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांची पॉइंट ३१५ बहुतेक वेळा वडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेली, लाकडी दस्त्याची आणि चांगलीच वजनदार असते.