वडावरची वाघळं आणि कोरी राहिलेली वही

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जनावरं मोजायची पद्धत सह्याद्रीच्या जंगलांत चांगली रुळली आहे. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या, जे पाण्यावर येईल त्याची नोंद होते. गावच्या वडावर दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लटकणाऱ्या वटवाघळांसाठी मात्र सातारा-सांगलीच्या गावांत कुणी वही घातलेली मी पाहिली नाही. ही वही कोरी का राहिली, ते समजून घ्यायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. कोणत्या प्राण्याला किती संरक्षण द्यायचं, हे त्यातल्या परिशिष्टांवरून ठरायचं. वाघ पहिल्या परिशिष्टात गेला. पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राणी होते, आणि तिथे कावळा, उंदीर यांच्या पंगतीला फळं खाणारी वाघळं बसवली गेली. मारायला परवाना नको, मारल्याची शिक्षा नाही. ज्याला सरकारदरबारी उपद्रव म्हटलं, त्याची गणती करायला कोण बसणार?

या शिक्क्यामागचं दुखणं खरं होतं. तासगाव-मिरजेकडचा द्राक्षबागायतदार आजही तेच सांगेल. छाटणीपासून औषध फवारणीपर्यंत पोरासारखा जपलेला घड काढणीला आला की रात्रीत फुटलेला मिळतो. वर सोसायटीचं कर्ज असतंच. बागेवर नीट ताणलेली जाळी हा त्यावरचा चांगला उपाय आहे, पण जाळीला पैसे लागतात आणि ते बागायतदारानेच घालायचे असतात. मला वाटतं, वटवाघळं वाचवायची भाषा करणाऱ्याने या जाळीच्या खर्चाबद्दल आधी बोलावं.

त्याच १९७२ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. १९४८ साली तमिळनाडूच्या डोंगरात पकडलेलं एक फळवाघूळ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात चुकीच्या नावाने पडून होतं. किट्टी थोंगलोंग्या या थायलंडच्या शास्त्रज्ञाने ते पुन्हा तपासलं आणि ते अगदी वेगळ्या प्रजातीचं निघालं. त्याला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचं नाव मिळालं. पुढे ही जात पहिल्या परिशिष्टात गेली. पेटीतलं एक वाघूळ कुणीतरी निरखून पाहिलं, म्हणून त्याला संरक्षण मिळालं. आपल्याकडचं मोठं वटवाघूळ सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून तेवढं निरखायची गरज कुणाला वाटली नाही.

निरखायचं तर सकाळी त्यांच्या झाडाखाली जावं. जमिनीवर चोथ्याच्या लहान लहान चपट्या गोळ्या पडलेल्या असतात. फळ चावून रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा, ही त्यांची जेवायची रीत. शेजारीच विष्ठेत उंबराच्या, वडाच्या बिया दिसतात. रात्रीत कित्येक किलोमीटर फिरणारं जनावर या बिया कुठल्या कुठे टाकत जातं. देवळाच्या कळसावर, पडक्या वाड्याच्या भिंतीत उगवलेले उंबर-पिंपळ पाखरांनी आणि वाघळांनीच पेरलेले असतात. टेटू या झाडाची फुलं तर रात्री उमलतात आणि उजाडेपर्यंत गळून जातात. त्यांचं परागीभवन वाघळांच्याच तोंडाला लागून होतं.

एवढं मोठं जनावर, पंख पसरले की मीटरभराहून जास्त, पण मादीला वर्षाकाठी पिल्लू एकच. पहिले काही आठवडे ते आईच्या छातीला बिलगून तिच्याबरोबरच उडतं. म्हणून एका हंगामात झाडावरची निम्मी वाघळं मेली, तर ती भरून यायला फार वर्षं जातात. दम्यावर वाघळाचं मांस, सांधेदुखीवर तेल, असल्या समजुतींनीही त्यांचा बळी घेतला आहे.

आणि झाडं. जुने वड, चिंचा, आंबे रस्ता रुंदीकरणात गेले, तसे त्यांचे मुक्कामही गेले. मिरजेजवळच्या भोसे गावातला सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. लोक झाडाभोवती उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाला तो वड उन्मळून पडला. तरी झाडासाठी रस्ता वळवता येतो, हे या जिल्ह्याने एकदा करून दाखवलं आहे.

भीतीचा भाग अलीकडचा. मे २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपाह हा वाघळांतून माणसांत येऊ शकणारा विषाणू आला. पाठोपाठ करोना. मग जून २०२१ मध्ये बातमी आली की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडली. ही वाघळं गुहेत राहणाऱ्या, वेगळ्या जातींची होती. प्रतिपिंडं सापडली म्हणजे त्या वाघळांचा विषाणूशी कधीतरी संबंध आला होता, एवढाच अर्थ. महाराष्ट्रात तेव्हा निपाहचा एकही रुग्ण नव्हता. पण गावोगाव लोक झाडं तोडायची भाषा करू लागले. हुसकावलेली वाघळं बिथरतात आणि नवीन ठिकाणी, नवीन माणसांजवळ जाऊन बसतात. उष्टं फळ खाऊ नये, पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नये, गुहेत शिरू नये, एवढी काळजी तरी घ्यावी.

डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. सहाची चार परिशिष्टं झाली, उपद्रवी प्राण्यांची यादीच गेली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्राला ठरावीक भागापुरती, ठरावीक मुदतीची अधिसूचना काढावी लागते.

म्हणून आता मोजायला हवं, आणि ते अवघड नाही. दिवेलागणीच्या आधी झाडापासून लांब, आकाश मोकळं दिसेल अशा जागी बसायचं. वाघळं बाहेर पडायला लागली की दहा-दहाचे गट मोजायचे. बॅटरीचा झोत मारायचा नाही, फटाके तर नाहीच. उन्हाळ्यात पिल्लं अंगावर असतात तेव्हा जास्तच जपायचं. परवा आम्ही तिघं ओढ्याकाठच्या चिंचेपाशी तीन बाजूंना बसलो होतो. अंधार पडल्यावर आकडे जुळवले तर तिघांचे तीन निघाले. वहीत तारीख घालून तिन्ही लिहिले आहेत. पुढच्या महिन्यात त्याच जागांवर पुन्हा बसायचं ठरलं आहे.