अनेकार्थता : इंग्रजी व जपानी

एकाच शब्दाला परस्परांशी नाते असलेले अनेक अर्थ असतात तेव्हा त्याला अनेकार्थता म्हणतात. शब्द मुळात वेगळे, पण उच्चार वा लेखन जुळणारे असतील तर ती समरूपता. कोशात पहिल्या प्रकाराला एकच नोंद व तिच्याखाली क्रमांकित अर्थ मिळतात, दुसऱ्याला स्वतंत्र नोंदी. ही सीमा व्युत्पत्तीवरून आखावी की आजच्या भाषकाच्या जाणिवेवरून, याबद्दल एकमत नाही.

इंग्रजी ‘बँक’ हे वादाचे नेहमीचे उदाहरण. नदीकाठ या अर्थाचा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांतून आला. पेढी या अर्थाचा शब्द साधारण पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटालियन ‘बांका’वरून, बहुधा फ्रेंचमार्गे आला. परंतु ‘बांका’ म्हणजे सराफाचे बाक, आणि तो शब्दही जर्मानिक मुळाचाच. मूळ एक असूनही कोशकार दोन नोंदी करतात, व वापर पाहता तेच सयुक्तिक ठरते. ‘इअर’चे उलट आहे : कान व कणीस यांची मुळे भिन्न, तरी कणीस म्हणजे धान्याचा कान अशी समजूत सहज होते. फूल आणि पीठ यांचे इंग्रजी शब्द मुळात एकच; कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या इंग्रजी कोशातही त्यांची फारकत झालेली नाही.

जपानीत लिपीमुळे गुंता वाढतो. ‘काकेरु’ हे क्रियापद चष्मा, कुलूप, फोन, इस्त्री, सोया सॉस, वेळ आणि गुणाकार या सर्वांना चालते. ‘नि काकेरु सान’ म्हणजे दोन गुणिले तीन. मराठी ‘लावणे’ फोनपर्यंत सोबत करते, पण इस्त्री करावी लागते व सॉस घालावा लागतो. पूल उभारताना, बक्षीस पणाला लावताना व जुगारात पैसे लावताना उच्चार ‘काकेरु’च, कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हे) मात्र वेगवेगळी. एका मूळ जपानी उच्चाराला अशा अनेक कांजी असणे म्हणजे ‘इजि-दोकुन’. जपान सरकारच्या सांस्कृतिक परिषदेच्या राष्ट्रभाषा उपसमितीने २०१४ मध्ये अशा १३३ गटांची वापर-उदाहरणे दिली. जुगाराची कांजी २०१० मध्येच २,१३६ चिन्हांच्या जोयो यादीत, म्हणजे नित्य वापराच्या कांजींच्या सरकारी यादीत आली. त्यामुळे ‘जीव पणाला लावणे’ लिहिताना बक्षिसाची व जुगाराची अशी दोन्ही रूपे दिसतात. संगणकावर उच्चार टंकून पहिला पर्याय स्वीकारला की चूक होते ती इथेच. संदिग्ध ठिकाणी, तसेच फोन व इस्त्रीच्या बाबतीत कांजीऐवजी हिरागाना, म्हणजे उच्चारदर्शक जपानी लिपी, लिहिण्याची रीत आहे.

टवका उडणे या अर्थाचे ‘काकेरु’ स्वतंत्र आहे. टोकियोच्या बोलीत ते सपाट सुरात येते. ‘लावणे’ या अर्थी ‘के’नंतर सूर उतरतो. धावणे या अर्थाच्या ‘काकेरु’चा सूरही असाच उतरतो, त्यामुळे तेथे संदर्भ किंवा कांजीच पाहावी लागते.